‘अटी मान्य आहेत’ दाबलं म्हणून हक्क संपत नाही : ओला, उबर, रॅपिडोच्या अटी दुकानदाराने कशा वाचायच्या



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या जाण्यायेण्याचा खर्च वहीत कसा लिहायचा ते पाहिलं. त्यावर जे प्रश्न आले, त्यातले बरेचसे हिशोबाचे नव्हतेच. "अ‍ॅपने दाखवले दीडशे, घेतले दोनशे." "गाडी आलीच नाही, तरी कॅन्सलचे पैसे कापले." "तक्रार केली तर म्हणतात, आमच्या टर्म्स वाचा." या शेवटच्या वाक्यापाशी बहुतेक जण थांबतात. टर्म्स म्हटलं की वाटतं, झालं, आता काही होत नाही. आजचा धडा त्या वाक्याच्या पुढचा आहे.

आपल्या हुडकेश्वर, पिपळा, बेसा भागात मेट्रो आलेली नाही. इतवारीत माल बघायला जायचं असो, रेल्वे स्टेशन गाठायचं असो की सोनेगावच्या विमानतळावर जायचं असो, स्वतःची गाडी नसली की ऑटो किंवा अ‍ॅप. म्हणजे दुकानाचा भाडेकरार तुम्ही अकरा महिन्यांतून एकदा करता आणि तीनदा वाचता. हा करार आठवड्यातून चारदा करता आणि एकदाही वाचत नाही.

करार तर झालाच आहे

आधी कडू गोष्ट सांगतो. "मी वाचलंच नव्हतं" हा बचाव चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे, केवळ मोबाइलवर किंवा संगणकावर झाला म्हणून करार रद्द ठरत नाही. तुम्ही बटण दाबलं, करार झाला.

पण करार कायद्याच्या वर नसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात पहिल्यांदाच ‘अनुचित करार’ अशी व्याख्या आली. कलम २, उपकलम ४६. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या एकतर्फी अटी यात येतात. नुकसान दहा रुपयांचं आणि दंड शंभराचा, अशी अट. कंपनीने वाजवी कारण न देता एकटीनेच करार तोडण्याची अट. ग्राहकावर अवाजवी शुल्क किंवा बंधन लादणारी अट. या अटींवर तुमची सही असली तरी त्या तपासता येतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं: कंपनीनेच छापलेल्या कागदावर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्याय नव्हता, तर त्यातल्या एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक धरता येत नाहीत. तो निकाल फ्लॅटबद्दलचा आहे, पण छापील अटींचा प्रश्न तोच.

"आम्ही गाडी चालवत नाही"

अ‍ॅपवाल्यांच्या अटींमध्ये सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं असेल तर हे. शब्द कंपनीगणिक वेगळे, अर्थ एकच: आम्ही प्रवासी वाहतूक करत नाही, आम्ही फक्त ड्रायव्हर आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो, ड्रायव्हर स्वतंत्र आहे, त्याने जे केलं त्याला आम्ही जबाबदार नाही.

हे वाक्य आयोगासमोर टिकतं का? डोंबिवलीचं एक प्रकरण बघू.

१२ जून २०१८. डोंबिवलीच्या एका वकील बाईंना संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटांच्या विमानाने चेन्नईला जायचं होतं. विमानतळ ३६ किलोमीटर. त्यांनी दुपारी साडेतीनच्या सुमारास उबर बुक केली. ड्रायव्हर बऱ्याच फोननंतर उशिरा आला. आल्यावरही फोनवर बोलत राहिला, ते संपल्याशिवाय गाडी हलवली नाही. मग वाट सोडून सीएनजी भरायला गेला, तिथे आणखी वेळ गेला. विमान चुकलं. वर भाडं आलं ७०३ रुपये. बुकिंग करताना अ‍ॅपने दाखवले होते ५६३. बाईंनी तक्रार केल्यावर कंपनीने १३९ रुपये परत केले आणि तिच्या दृष्टीने विषय संपला.

बाई ठाणे जिल्ह्याच्या अतिरिक्त ग्राहक आयोगात गेल्या. तिथे कंपनीचं म्हणणं तेच: आम्ही फक्त मध्यस्थ, ड्रायव्हर आमचा नोकर नाही. आयोगाने ते मान्य केलं नाही. अ‍ॅप कंपनी चालवते, व्यवहारावर ताबा कंपनीचा, प्रवासी पैसे देतो ते कंपनीच्या सेवेसाठी, मग सेवेतल्या त्रुटीची जबाबदारीही कंपनीची. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकालाची बातमी आली: मानसिक त्रासाचे १०,००० आणि खर्चाचे १०,००० मिळून २०,००० रुपये.

यातून दोन गोष्टी टिपून घ्या. एक, हा जिल्हा पातळीवरचा निकाल आहे. नागपूरचा आयोग त्याला बांधलेला नाही, पण तुम्ही तो दाखवू शकता. दोन, घटना २०१८ ची आणि निकाल २०२२ चा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलं आहे. पण वेळ लागतो हे मनाशी धरूनच उतरा. आणि बाईंकडे काय होतं ते बघा: बुकिंगची वेळ, दाखवलेलं भाडं, घेतलेलं भाडं. तेवढ्यावर खटला उभा राहिला.

आता यात एक नवी भानगड आहे आणि आपल्या भागात तिचा संबंध रोजचा आहे. १८ फेब्रुवारी २०२५ पासून उबरने ऑटोसाठी पद्धत बदलली. आता ऑटोच्या प्रत्येक फेरीवर कंपनी कमिशन घेत नाही, ऑटोवाला कंपनीला अ‍ॅप वापरण्याची फी भरतो. तुम्ही भाडं थेट ऑटोवाल्याला देता, रोख किंवा त्याच्या यूपीआयवर. अ‍ॅपवर दिसणारं भाडं हे फक्त सुचवलेलं भाडं. इतर कंपन्याही याच वाटेने निघाल्या आहेत.

ऑटोवाल्या भाऊंच्या बाजूने पाहिलं तर यात चांगलं आहे, पूर्ण पैसा त्यांच्या हातात येतो. आपले बरेच वाचक स्वतः ऑटो चालवतात, त्यांना हे पटेल. पण प्रवासी म्हणून तुमचा धागा इथे बारीक होतो. डोंबिवलीच्या प्रकरणात ‘पैसे कंपनीला दिले’ हा मुद्दा वजनदार होता. इथे कंपनी म्हणणार, आमच्याकडे तर रुपयाही आला नाही, परत काय करू?

म्हणून ऑटोला माझा सल्ला साधा आहे. बसण्याआधी भाडं बोलून घ्या आणि अ‍ॅपवरचा आकडा दाखवून घ्या. त्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढा. रोख देऊ नका, यूपीआय करा आणि शेरा लिहायच्या जागी ट्रिपची तारीख टाका. उद्या वाद झाला तर ‘किती दिले’ यावर तरी वाद राहणार नाही. आणि कंपनीची जबाबदारी पूर्ण संपली असंही समजू नका. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम वस्तूंइतकेच सेवांनाही लागू आहेत आणि नुसता बाजार भरवणाऱ्या प्लॅटफॉर्मवरही काही कर्तव्यं टाकतात. तक्रार अधिकारी नेमणं हे त्यातलं पहिलं.

जाहिरात एक, अटी दुसऱ्या

हा भाग धंदा करणाऱ्यांनी दोनदा वाचावा, कारण इथे तुम्ही ग्राहकही आहात आणि उद्या जाहिरात करणारेही.

रॅपिडोची जाहिरात होती: पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा. ‘गॅरंटीड ऑटो’ असंही म्हटलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने म्हणजे सीसीपीएने तपास केला तेव्हा दिसलं की ५० रुपये म्हणजे ५० रुपये नव्हतेच. ते ‘५० रुपयांपर्यंत’ होते. तेही रोख नाही, रॅपिडो कॉइनमध्ये. कॉइन फक्त बाइकच्या फेरीसाठी चालणार आणि सात दिवसांत संपणार. अन् गंमत पुढेच आहे: अटींमध्ये लिहिलेलं होतं की ही हमी कंपनी देत नाही, ती त्या त्या कॅप्टनची आहे!

ऑगस्ट २०२५ मध्ये सीसीपीएने रॅपिडोला १० लाख रुपये दंड केला. ज्यांनी ही योजना वापरली आणि ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांना पूर्ण रक्कम परत द्या, असंही सांगितलं. या जाहिराती १२० हून अधिक शहरांत सुमारे दीड वर्ष चालल्या होत्या.

इथला नियम पाठ करण्यासारखा आहे. मोठ्या अक्षरात जे म्हटलं, ते बारीक अक्षरात खोडता येत नाही. अट ही दाव्याचा खुलासा करू शकते, दाव्याला उलटं पाडू शकत नाही. तुमच्या दुकानाच्या बोर्डावर ‘सगळ्या मालावर ५० टक्के सूट’ आणि खाली तांदळाएवढ्या अक्षरात ‘निवडक मालावर’ असं लिहिलं असेल, तर आजच रंगारी बोलवा.

ग्राहक म्हणून काय करायचं? अ‍ॅपवर ऑफर दिसली की त्या पडद्याचा स्क्रीनशॉट. ऑफर आठवड्यात गायब होते, पडद्याचा फोटो राहतो.

कूपन नको, पैसे द्या. आणि बिलही द्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये सीसीपीएने ओलाला दोन आदेश दिले. दोन्ही छोट्या दुकानदाराच्या थेट कामाचे.

पहिला, परताव्याबद्दल. ओला ‘प्रश्न न विचारता परतावा’ देत होती, पण तो मिळायचा कूपनमध्ये, पुढच्या फेरीसाठी. बँकेत पैसे हवेत का हे विचारलंच जात नव्हतं. प्राधिकरणाने सांगितलं, पैसे बँकेत हवेत की कूपन हे ग्राहकाला निवडू द्या. परतावा म्हणजे परत आलेले पैसे. पुन्हा त्याच दुकानात खर्च करण्याची चिठ्ठी म्हणजे परतावा नव्हे.

दुसरा, बिलाबद्दल. ऑटोच्या फेरीचं बिल मागितलं तर ओलाच्या अ‍ॅपवर ‘ऑटोच्या अटी बदलल्यामुळे बिल दिलं जाणार नाही’ असा संदेश यायचा. म्हणजे बघा, अट बदलून बिलच काढून टाकलं. २०१९ च्या कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्राधिकरणाने सगळ्या ऑटो फेऱ्यांचं बिल द्यायला लावलं. त्या वर्षी १ जानेवारी ते ९ ऑक्टोबर या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे ओलाविरुद्ध २,०६१ तक्रारी आल्या होत्या.

तुम्ही दुकानाचा खर्च दाखवता, तेव्हा सीए पहिल्यांदा कागद मागतो. बिल मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

कॅन्सलेशनचं थोडक्यात सांगतो. ई-कॉमर्स नियम ४(८) म्हणतो की बुकिंग पक्कं झाल्यावर ग्राहकाने रद्द केलं तर शुल्क लावायचं असेल, तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसलं पाहिजे. नियम ४(९) म्हणतो की आधीच टिक केलेल्या चौकोनाला संमती म्हणता येत नाही. विमा, देणगी असं काहीबाही आधीच निवडलेलं दिसलं तर ते बेकायदेशीर आहे. सीसीपीएने मे २०२२ मध्ये ओला आणि उबर दोघांना नोटिसा दिल्या, त्यात अवाजवी कॅन्सलेशन शुल्क आणि हे टिक केलेले चौकोन दोन्ही होते. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत योग्य कारणाशिवाय रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १०० रुपये असं आहे, आणि ते ड्रायव्हरलाही लागू आहे. परवाना देण्याचं काम मात्र राज्याचं, म्हणून महाराष्ट्रात तुमच्या अ‍ॅपवर काय लागू आहे ते अ‍ॅपच्या शुल्काच्या पानावर बघून घ्या.

ड्रायव्हर "कुठे जायचं? कॅश आहे का?" विचारून गप्प बसतो आणि तुम्हालाच कॅन्सल करायला लावतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. अशा वेळी कॅन्सल करताना कारण निवडायची यादी येते. घाईत पहिल्यावर बोट ठेवू नका. ‘ड्रायव्हरने नकार दिला’ हेच निवडा. तुमच्या नावावर कॅन्सल नोंदवलं गेलं की पुढची तक्रार अर्धी मेली.

तुम्ही ग्राहक की व्यापारी?

ही गोष्ट मोबाइलवरच्या ‘ग्राहक हक्क’ व्हिडिओंत सहसा येत नाही, आणि आपल्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे.

समजा म्हाळगीनगर चौकाजवळ तुमचं साड्यांचं दुकान आहे. सोमवारी तुम्ही आईला घेऊन अ‍ॅपच्या गाडीने मेडिकलला गेलात. मंगळवारी गांधीबागेत माल बघायला गेलात. बुधवारी गिऱ्हाइकाची साडी अ‍ॅपच्या पार्सल सेवेने बेसाला पाठवली. तीन फेऱ्या, एकच फोन, एकच खातं. पण कायद्याच्या नजरेत या तिन्ही सारख्या नाहीत.

ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतूने’ सेवा घेणारा माणूस ग्राहक धरला जात नाही. जुन्या १९८६ च्या कायद्यात, २००२ च्या दुरुस्तीनंतर, एक सवलत स्पष्ट होती: स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा, दोन्ही व्यापारी हेतूच्या बाहेर. २०१९ च्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात मात्र ‘वस्तू’ हाच शब्द उरला, ‘सेवा’ गेला. म्हणजे शिलाई मशीन खराब निघालं तर शिंपी ग्राहक आहे, हे कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच शिंप्याने कपडे पोचवायला घेतलेल्या गाडीबद्दल तितकं स्वच्छ लिहिलेलं नाही. एक शब्द गळला आणि फटका बसतो तो आपल्यासारख्या छोट्या माणसाला. माझ्या मते हा शब्द परत यायला हवा.

सोमवारची फेरी निर्विवाद ग्राहकाची. तुम्ही दुकानदार आहात म्हणून तुमची आई आजारी पडत नाही असं नाही. बुधवारचं पार्सल, त्यातही ते बिझनेस खात्यावरून महिन्याच्या बिलावर गेलं असेल, तर कंपनी पहिल्याच उत्तरात म्हणेल, हा व्यापारी हेतू. मंगळवारची फेरी मधली, तिथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

अशा वेळी दोन निकाल तुमच्या खिशात असू द्या. पहिला, नोव्हेंबर २०१९ चा लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टचा. ट्रस्टने नर्सच्या राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते. समोरचे म्हणाले, हा व्यापारी हेतू. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, या खरेदीचा नफा कमावण्याशी थेट आणि जवळचा संबंध आहे का, मुख्य हेतू काय? संबंध नव्हता, म्हणून ट्रस्ट ग्राहक ठरला. दुसरा, मे २०२४ चा श्रीराम चिट्सचा. त्यात न्यायालयाने सांगितलं की सेवा व्यापारी हेतूने घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, ग्राहकावर नाही. म्हणजे कंपनीने नुसतं म्हणून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो.

आणि तो पुरावा तिला आपणच पुरवतो! घरच्या फेऱ्याही ‘बिझनेस’ प्रोफाइलवरून, कारण तिथे बिल ईमेलवर येतं. दोन प्रोफाइल वेगळे ठेवा. घरची फेरी घरच्या प्रोफाइलवर, घरच्या यूपीआयवरून. दुकानाची दुकानाच्या. हिशोबालाही ते बरं, हे मागच्या व्हिडिओत सांगितलंच आहे.

दुकानाच्या पार्सलसाठी ग्राहक कायद्यावर विसंबू नका. तिथे करार हाच तुमचा आधार, म्हणून त्याच अटी नीट वाचायच्या. माल हरवला तर जास्तीत जास्त किती भरपाई, ही ओळ शोधा. ती रक्कम साडीच्या किमतीपेक्षा कमी असेल तर ती साडी त्या अ‍ॅपने पाठवू नका, किंवा वेगळा विमा घ्या. पाच हजारांची पैठणी आणि काहीशेची भरपाई, हा धंदा नाही.

बंगळुरूला जायचं कारण नाही

अटींच्या शेवटी साधारण लिहिलेलं असतं: वाद लवादाकडे जाईल, आणि अमुक शहरातल्या न्यायालयातच चालेल. शहर म्हणजे कंपनीचं मुख्यालय. दोनशे रुपयांसाठी हुडकेश्वरहून बंगळुरूला कोण जाणार, म्हणून लोक सोडून देतात.

जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याचं कलम ३४ सांगतं की तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सिव्हिल लाइन्समधला नागपूर जिल्हा आयोग तुमचा आयोग आहे. लवादाची अट? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात सांगितलं आहे की करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. गाडीचं भाडं ५ लाख कुणाचं होत नाही, तेव्हा फी नाहीच समजा. वकील लागतोच असं नाही, स्वतः बोलता येतं. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर टाकता येते. मुदत मात्र कडक: घटनेपासून दोन वर्षं.

एक बारकावा. ‘माझ्या फेरीत सेवा वाईट मिळाली’ ही तक्रार जिल्हा आयोगात. ‘ही अटच अनुचित आहे, ती रद्द करा’ ही तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरातही आहे. पहिल्यांदाच जाणार असाल तर सरळ सेवेतल्या त्रुटीची तक्रार करा. अटींशी लढाई ग्राहक संघटनांवर सोडा.

तक्रार लिहिताना

आयोग ही शेवटची पायरी. त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ‘हेल्प’मधली चॅट म्हणजे तक्रार अधिकारी नव्हे, तिथे यंत्र उत्तर देतं. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क अ‍ॅपवर असलाच पाहिजे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा.

नियम कागदावर आहे म्हणजे तो अ‍ॅपवर सापडतोच असं नाही. २०२० साली मुंबईत एका वकील बाईंना उबरच्या प्रवासात मध्येच अंधाऱ्या जागी उतरावं लागलं. तक्रार करायला अ‍ॅपवर नीट सोयच नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ७ मार्च २०२२ ला न्यायालयाने अ‍ॅपवाल्या सगळ्या टॅक्सी कंपन्यांना १६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं ते वेगळं. पण सुरुवात कशाने झाली बघा, तक्रारीचं बटण सापडलं नाही याने.

लिहिताना रागाने लिहू नका. "तुमची सर्व्हिस एकदम बेकार आहे" याला उत्तर नसतं. असं लिहा:

"दिनांक अमुक, ट्रिप क्रमांक अमुक. बुकिंग करताना दाखवलेलं भाडं १५० रुपये, स्क्रीनशॉट सोबत. घेतलेलं भाडं २०४ रुपये, बिल सोबत. वाट बदलण्यास मी सांगितलं नव्हतं. ५४ रुपये माझ्या बँक खात्यात परत करावेत, कूपन नको. ही तक्रार ई-कॉमर्स नियम २०२० मधील नियम ४ प्रमाणे असून ४८ तासांत पोच मिळावी."

इतकंच. तारीख, आकडा, मागणी. हे ईमेलने पाठवा म्हणजे पाठवल्याची वेळ राहते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. पण ५४ रुपयांचे बरेच वाद तिथेच मिटू शकतात. ५४ रुपयांसाठी आयोगात जा असं मी म्हणणार नाही. विमान चुकलं, परीक्षा चुकली, मध्येच उतरवलं, अशा वेळी जा.

तक्रारीत कंपनीचं बाजारातलं नाव लिहून चालत नाही, नोंदणीचं नाव लागतं. ओला म्हणजे एएनआय टेक्नॉलॉजीज, उबर म्हणजे उबर इंडिया सिस्टिम्स, रॅपिडो म्हणजे रोपेन ट्रान्सपोर्टेशन सर्व्हिसेस. पूर्ण नाव आणि पत्ता बिलावर आणि अटींच्या पानावर मिळतो. आणि स्क्रीनशॉट आयोगात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा. हे चित्र माझ्याच फोनमधून काढलं आहे, असं सांगणारा तो ठरावीक नमुन्यातला कागद असतो.

आज दुकान बंद केल्यावर दहा मिनिटं काढा. तुमच्या फोनवर जे अ‍ॅप आहे ते उघडा, तक्रार अधिकाऱ्याचं पान शोधा, नाव आणि ईमेल वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या. पान सापडलं नाही, तर तेही तारखेसकट लिहून ठेवा.